सात महिने इथं राहिला, आता?

गंगापूर रोडवर बऱ्याच घरांतली मुलं आता अमेरिकेत. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "अरे, ह्यांच्या आजारपणात लेक सात महिने इथं राहिला, तर तिकडच्या नागरिकत्वाला अडेल का रे?"

प्रश्न साधा, पण मुळं जुनी. पाच वर्षं वास्तव्याची अट तिथं १७९५ ची. १७९८ ला ती १४ वर्षं झाली, १८०२ ला पुन्हा पाच. तेव्हा अर्ज गोऱ्यांनीच करायचा. भगतसिंग थिंड सैन्यात होते, तरी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना 'गोरे' मानलं नाही. मग काही भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं! दार उघडलं ते थेट १९४६ च्या कायद्यानं.

आज अर्जात पाच वर्षांतले सगळे पत्ते लागतात, आणि २४ तासांवरची प्रत्येक परदेशवारी तारखेनिशी. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की वास्तव्य तुटलं असं धरतात. पण नोकरी, घर, कर तिकडं चालूच होतं हे दाखवता आलं तर निभावतं. वर्ष उलटलं तर अवघड.

काकूंना म्हटलं, सात महिने लपवू नका. खोटं पुढं कधी उघड झालं तर मिळालेलंही जातं. काकांच्या दवाखान्याची फाईल आणि त्याचा जुना पासपोर्ट मात्र रद्दीत घालू नका.