दहाचे तेरा रुपये नऊ आणे

साल १९४४. मागं कोळशाची भट्टी बांधलेली मोटार धापा टाकत आग्रा रोडनं येते आणि तुम्ही मालेगावात मोसम पुलापाशी उतरता. पेट्रोल लढाईवर गेलंय. चहावाला सुट्टे म्हणून भोकाचा पैसा हातावर ठेवतो. तांबं वाचवायला सरकारनं गेल्या साली मधला भागच काढून टाकला. राणीछाप रुपया तर विचारूच नका. लोकांनी तो केव्हाच जमिनीत पुरलाय, आणि १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच.

पोस्टात शिरा. खिडकीमागचा बाबू सवयीनं सांगतो, "चार आण्याचं तिकीट घ्या, कार्डावर चिकटवा. चाळीस झाली की दहाचं सर्टिफिकेट." लढाई सुरू झाल्यावर निघालेलं डिफेन्स सर्टिफिकेट दहा वर्षांत दहाचे तेरा रुपये नऊ आणे देणार होतं. आता बारा वर्षांत दहाचे पंधरा देणारं नवं आलंय. बाजारात पैसा फार झाला, माल कमी. लोकांनी खर्च आवरावा, हा त्यामागचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. पण तो सांगायचा कुणाला?

मोमीनपुऱ्याच्या गल्लीत या. एरवी इथं धोट्याच्या खटखटीत माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आज चारातले दोनच माग चालताहेत. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर रंगीत लुगडं विणतोय. काठाचा लाल फिका उतरलाय. जर्मनीचे रंग १९३९ पासूनच बंद. शेजारी त्याची बायको कांड्या भरते. टोपलीत मोजून सहा कांड्या, पुढचं सूत कधी येईल ठाऊक नाही.

"सूत किधर है, साब?" तो मान वर न करता विचारतो.

उत्तर तुमच्याकडे आहे, पण सांगाल कसं? गिरण्या लष्कराच्या कापडात गुंतल्यात. जून १९४३ मध्ये सरकारनं कापड आणि सुतावर कंट्रोल आणला, गिरणीच्या कापडावर किंमत छापायला लावली. छापील भावाचा माल दुकानातून गायब झाला आणि मागच्या दारानं दुप्पट भावात मिळू लागला. ज्याच्याकडे सुताची गाठ, तो शेठ झाला. ज्याच्याकडे माग, तो उपाशी राहिला. माझ्या मते मालेगावची लढाई एवढीच होती.

बाजरी महाग, रॉकेलला रांग, रंगूनचा तांदूळ १९४२ पासून बंद. मुंबईत निदान मे १९४३ पासून रेशनकार्ड तरी आहे.

"बचत करा" असं त्याला सांगून बघा. तो हसेल. व्याज त्याला हराम, हा पेच वेगळाच. १९४० मध्ये सरकारनं तीन वर्षांचे बिनव्याजी रोखेही काढले होते, पण रोखे घ्यायला आधी रोख लागते.

तरी तो उठतो आणि ट्रंकेतून कापडात गुंडाळलेला कागद काढतो. १९४० चं सर्टिफिकेट, दहा रुपयांचं. गावात साहेब आले तेव्हा घ्यावंच लागलं. व्याज फकिराला देईन, मुद्दल मुलीच्या लग्नाला, असा त्याचा बेत आहे.

त्याला पुढचं सांगू नका. १९५० मध्ये स्वतंत्र भारताचं पोस्ट त्याला तेरा रुपये नऊ आणे चोख मोजून देईल. तोवर भाव तिपटीच्याही वर गेलेले असतील, आणि त्या पैशांत १९४० च्या पाच रुपयांचाही माल येणार नाही.