तट्टूंमधील जठरव्रण
स्वारीच्या तट्टूच्या जठराच्या अस्तराला पडणाऱ्या जखमा. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरते. ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. जठराच्या वरच्या भागाला श्लेष्म्याचे संरक्षण नसते. त्यामुळे रिकाम्या पोटी दौड झाली, की आम्ल उसळून ते अस्तर भाजते. चंदी भरपूर व वैरण तुटपुंजी, सहा तासांहून लांब उपास, दीर्घकाळ दिलेली काही वेदनाशामके यांनी धोका वाढतो.

लक्षणे फसवी असतात. तंग आवळताना कान मागे पाडून चावायला येणे, चंदी अर्धवट टाकणे, दात खाणे, खाल्ल्यावर सौम्य पोटशूळ, उतरलेले अंग, निस्तेज केस. अशा तट्टूला अडेल ठरवून चाबूक उगारणे हा अन्यायच. माथेरानसारख्या मोटारबंदीच्या गावी, जिथे माणसे तट्टूवरून जातात, हे बदल प्रथम मोतद्दाराच्याच नजरेस येऊ शकतात.

न बसणारे खोगीर, पाठदुखी किंवा दातांचे विकार यांतही हीच चिन्हे दिसतात. खात्रीचे निदान उपाशीपोटी सुमारे 3 मीटर लांबीच्या दुर्बिणीनेच होते. पशुवैद्य काही आठवडे ओमेप्राझोल हे औषध देतात. स्वारीपूर्वी थोडी वैरण चारल्यास आम्ल कमी उसळते.