ठिपक्यांतले नाना



परवा कपाट आवरताना जुन्या वहीत दुमडलेलं वर्तमानपत्राचं कात्रण सापडलं. १९६२ सालचं. आमचे वडील, म्हणजे नाना, शाळेच्या कार्यक्रमात भाषण करतायत. मी तेव्हा सहावीत होतो. त्यांचा त्या वयातला एवढाच फोटो आमच्याकडे आहे. नातवाने तो स्कॅन करून मोठा केला, आणखी मोठा केला, आणि नाना नाहीसेच झाले. उरले नुसते काळे ठिपके.

"आजोबा, यात याहून जास्त काही नाहीच," तो म्हणाला. झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला.

छापखान्याला राखाडी रंग येत नाही. शाई एक तर लागते, नाही तर लागत नाही. म्हणून मूळ फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा, तो बारीक जाळी आखलेल्या काचेतून. गडद जागी ठिपका मोठा, उजेडात लहान. तो पत्र्यावर उतरवून ॲसिडने कोरला की झाला हाफटोन ब्लॉक. नुसत्या रेघांच्या चित्राला जाळी लागत नाही, तो लाइन ब्लॉक. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, म्हणून त्याची जाळी जाड, इंचाला ६५ ते ८५ ओळी. गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा १५० चालतात.

रंगीत चित्राला हाच उद्योग चार वेळा: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. प्रत्येक जाळीचा कोन वेगळा, नाहीतर चित्रावर नको ती नक्षी उठते. आणि कागद जरा सरकला की 'रजिस्टर' गेलं! लहानपणी आमच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर आले होते ते त्यामुळेच.

या विद्येत मुरलेला एक माणूस आपल्या जिल्ह्यातला, १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, रतलामला तिरंगी ब्लॉक करायला शिकले. लोणावळ्याला राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोची कामं केली. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. पुढे भागीदारांशी बिनसलं, छपाई सुटली आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे ते सिनेमावाल्या फाळक्यांचं. ब्लॉकवाल्या फाळक्यांना कोण विचारतो? मला मात्र तेच जवळचे वाटतात. असो.

नानांचा मूळ फोटो पेपरवाल्यांनी नेला तो परत आलाच नाही. पण फोटोग्राफरने दोन प्रती काढल्या होत्या, दुसरी आत्याकडे गेली, असं आई सांगायची. आत्याच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून जुन्या ट्रंका बघा. सापडला तर स्कॅन करून ईमेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर नको, तिथे फोटो आक्रसतो.