एक आली बागेतून, एक राहिली डोंगरावर: घाणेरी आणि धायटी

आजची गोष्ट दोन झुडपांची. एक बाहेरून आलं आणि सगळीकडे पसरलं. दुसरं इथलंच, पण आपल्यातल्या कितीतरी जणांना त्याचं नावही माहीत नाही.

पहिली घाणेरी, म्हणजेच टणटणी. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या बॉटनिकल गार्डनमध्ये आणली. का? तर फुलं रंगीत, कुंपणाला छान! म्हणजे बघा, सुरुवात बागेतूनच झाली. पुढे पक्ष्यांनी फळं खाल्ली आणि बिया रानभर टाकल्या. पानं विषारी, त्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत. आज बंदीपूर, मुदुमलाईच्या जंगलांत तिच्या जाळीखाली गवताला जागा उरत नाही.

दुसरी धायटी, संस्कृतात धातकी. सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर साधारण जानेवारी ते एप्रिल तिच्या जुन्या फांद्या लाल नळीदार फुलांनी भरून जातात. शिंजीर आणि मधमाश्या तिथेच सापडणार.

हिचा इतिहास थेट आपल्या औषधाच्या कपाटात आहे. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवताना धायटीची फुलं घालतात, कारण फुलांसोबत नैसर्गिक यीस्ट येतं. दशमूलारिष्टाच्या बाटलीवरची यादी वाचा, धातकी दिसेल. फुलांपासून लाल रंगही काढायचे.

नावाचा प्रवासही भारी आहे. 1759 मध्ये लिनियसने तिला 'लिथ्रम फ्रुटिकोसम' म्हटलं. 1806 मध्ये सॅलिसबरीने 'वुडफोर्डिया' ही वेगळी प्रजाती मांडली आणि 1871 मध्ये कुर्झने दोन्ही जोडून 'वुडफोर्डिया फ्रुटिकोसा' केलं. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, तिसरं व्हर्जन स्टेबल निघालं!

आता घरी लावायची तर? बी अगदी बारीक असतं, पुरू नका. ओलसर वाळूमिश्रित मातीवर नुसतं भुरभुरा. रोपाला भरपूर ऊन आणि पाणी निथळणारी मोठी कुंडी द्या. छाटणी फुलं संपल्यावरच करा, आधी केलीत तर बहर गेला.

दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी फक्त रंग बघून झुडूप निवडलं, त्याची किंमत जंगलं अजून मोजतायत. म्हणून पुढच्या वेळी नर्सरीत गेलात की एकच प्रश्न विचारा: हे मूळचं कुठलं?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!