यादीत नसलेलं नाव: टिळक आणि काँग्रेसचं अध्यक्षपद

काँग्रेसच्या अध्यक्षांची यादी काढून बघा. लोकमान्य टिळकांचं नाव सापडणार नाही. पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका.

१९०६ च्या कलकत्ता अधिवेशनासाठी जहालांनी टिळकांचं नाव पुढे केलं. मवाळांनी ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना आणलं. त्यांना विरोध कोण करणार? विषय संपला.

१९०७ चं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. तिथे जहालांचा जोर होता. स्वागत समितीत भांडणं झाली आणि अधिवेशन सुरतेला हललं. सुरत मुंबई इलाख्यात, आणि अध्यक्ष यजमान प्रांताबाहेरचा असावा हा संकेत. म्हणजे टिळक आपोआप बाद! रासबिहारी घोष अध्यक्ष ठरले. २७ डिसेंबरला मंडपात जोडा भिरकावला गेला, काँग्रेस फुटली.

आता विचार करा: नागपूरचं भांडण हे कारण होतं की निमित्त? एकट्या १९०७ वरून ते ठरत नाही. १९०६ शेजारी ठेवलं की मात्र संशय बळावतो.

१९१८ ला तर टिळक दिल्ली अधिवेशनासाठी निवडून आले होते. पण चिरोल खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले.

तीन प्रसंग, तीन कारणं. यादीत मात्र सगळं सारखंच कोरं. सायन्सवाल्यांना हे माहीतच आहे: शून्य आणि रिकामा रकाना एक नसतात. म्हणून प्रपोजल लिहिताना 'कोण जिंकलं?' एवढ्यावर थांबू नका. जागा आणि नियम कोणी ठरवले, तेही विचारा.

— साकीनाका, मुंबई