शजरा आणि डीएनए : बापाची रेषा, आईची रेषा

भिवंडीतल्या कोकणी घरांत पूर्वज अरब व्यापारी होते असं सांगतात, तर अन्सारी घरांत नसब थेट मदिन्याच्या अन्सारांपर्यंत नेतात. काही खानदानांकडे लेखी शजराही असतो. रिश्ता बघताना "खानदान कुठलं?" हा प्रश्न येतोच, आणि आता थुंकीच्या नमुन्यावरून वंश सांगणाऱ्या कंपन्याही आल्या आहेत. ही तपासणी नेमकं काय सांगते?

वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे देते ती मुलगीच. दोन्हींत अनेक पिढ्यांत एखादा छोटा बदल होतो आणि तो पुढच्यांत टिकतो. असे बदल जुळवून शाखा ठरवतात, तिला हॅप्लोग्रुप म्हणतात. मुलीला बापाची रेषा पाहायची तर अब्बा, सख्खा भाऊ किंवा चाचांचा नमुना लागतो. आपल्या शजऱ्यात बहुतेक पुरुषांचीच नावं. नानीच्या नानीचं नाव कुणाला आठवत नाही, तिचा मायटोकॉन्ड्रिया मात्र आपल्या पेशीपेशीत आहे.

जवळचं उदाहरण रायगडच्या बेने इस्राएल, म्हणजे 'शनिवार तेली' समाजाचं. अलिबागजवळ नौगावला गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश ठळक दिसले. हे मिश्रण साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचं. आईकडच्या रेषा मुख्यतः इथल्याच निघाल्या. म्हणजे परंपरा खोटी नव्हती, अर्धी होती.

भारतातल्या सहा मुस्लिम गटांवरही असा अभ्यास झाला. त्यात केरळचे मापिला होते, गुजरात आणि तामिळनाडूचे दाऊदी बोहरा होते. बहुतेकांचा वंश आसपासच्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांसारखाच निघाला. बाहेरचा अंश थोडा, तोही अरबस्तानापेक्षा इराण-मध्य आशियाकडचा जास्त. भिवंडीचे कोकणी किंवा मोमीन त्यात नव्हते, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक हिशेब. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या 1024 जागा होतात. वाय त्यातल्या एकाच पुरुषाची खबर देतो, मायटोकॉन्ड्रिया एकाच बाईची. उरलेल्या 1022 जागांबद्दल दोन्ही गप्प. शिवाय आपल्याकडे चुलत, मामे, मावस भावंडांत निकाह होतात, त्यामुळे त्या जागांवर तीच माणसं दोन-तीनदा बसलेली असतात.