उणेपणाचे वैभव

इ. स. १९५७ मध्ये इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी ‘लोटस सेव्हन’ ही मोटार विक्रीस आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. कायमचे छप्पर नाही. वजन सुमारे ५०० किलो. सुटे भाग घेऊन ग्राहकाने ती स्वतः जोडली, तर खरेदीकर वाचे. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या तरुणालाही ती परवडे. मोठ्या इंजिनाने केवळ वेग वाढतो. वजन घटले की धावणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही सुधारतात, हे तिचे मर्म. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला व ती सवलत संपली. त्याच वर्षी हक्क घेऊन केटरहॅम कंपनीने तिची परंपरा पुढे चालविली. स्वस्ताई सरली, ओढ मात्र टिकली. कारण रस्ता, वारा आणि चालक यांमध्ये तिने काहीच आड येऊ दिले नव्हते.